याकोबचा वर गेलेला हात

कसे सांगावे, हाच प्रश्न आहे; कारण तुम्ही हसणार, आणि तेही तोंडात चहा असताना! घोट गिळा, मग सांगतो.

लोणंदजवळ आम्हा ख्रिस्ती सुवार्तिकांचे वार्षिक शिबिर होते. गावोगाव हिंडून शिणलेल्या सेवकांना धीर मिळावा, विझू आलेला उत्साह पुन्हा पेटावा, हा त्याचा हेतू. समारोपाचे प्रवचन वर्षानुवर्षे माझे, साताऱ्याच्या पाळकाचे. घरून येताना मी ते असे घासूनपुसून आणीत असे, की त्यात एक शब्द सैल सापडू नये!

यंदा ते दिले कोणाला? पलूसच्या याकोबला! माझ्या मुलाच्या वयाचा. "गड्यांनो, द्येव लय मोठा हाय, भिऊ नगा!" एवढेच तो म्हणतो आणि बायका डोळे पुसू लागतात. डोळे माझ्याही प्रवचनात मिटत असत, कारण वेगळे.

मला खंत वाटली, असे म्हणणार होतो. पण शब्दांशी खोटेपणा मला जमत नाही. तो मत्सर होता, चांगला सणसणीत.

शेवटच्या दिवशी दुपारी आमच्या अध्यक्षा शांताबाई म्हणाल्या, "सर्वांनी डोळे मिटा. मीही मिटते. ज्याचे मन सेवेत थकले असेल, त्याने हात वर करावा. पाहील तो एकटा देव."

आमची ही जुनी रीत. कोणाचा हात वर गेला, हे कोणाला कळत नाही, म्हणून तर तो जातो!

मी दोन्ही डोळे मिटले. मग मनात आले, याकोबचा हात वर असेल का हो? केवळ डावा डोळा, तोही केवळ किलकिला केला. आणि काय पाहतो? याकोबचा हात सरळ आकाशाकडे!

इतके नवचैतन्य मला कोणत्याही शिबिरात लाभले नव्हते.

लगेच शांताबाईंना बाजूला घेतले. "बाई, याकोबवर समारोपाचा भार नको. आतून पार खचलाय बिचारा."

"तुम्हाला बोलला?"

"न बोलताही कळते, बाई."

बाईंचे डोळे भरून आले. "किती जीव लावता हो त्याला!"

चहाच्या वेळेपर्यंत बातमी मंडपभर झाली. कोणी याकोबच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतोय, कोणी त्याची पाठ चोळतोय. मिरजेच्या एका भगिनीने तर आपली भज्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. इतकी वर्षे मी थकतो आहे. मला कोणी एक भजे दिले आहे काय?

"आवं, पर मला झालंय तरी काय?" याकोब गांगरला. "मी लय मजेत हाय की!"

मी पुढे झालो. "लपवू नकोस, बाळ. दुपारी हात वर केलास, त्यात कमीपणा नाही."

"हात? आवं पाळकसाहेब, वाऱ्यानं मांडवाचा बांबू सुटला हुता. माज्या खांद्यावर आला, त्यो धरून बसलो. डोळं मिटूनच!"

किलकिल्या डोळ्याचा हाच दोष. हात दिसला, बांबू दिसला नाही.

याकोबने डोके खाजवले. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हते, खरेच सांगतो. "पर समद्यांचं डोळं मिटल्यालं हुतं न्हवं? मग तुमास्नी हात दिसला कसा?"

शांताबाईंनी कप हळूच खाली ठेवला.

"न बोलताही कळते," त्या म्हणाल्या. "नाही का?"

संध्याकाळी समारोपाचे प्रवचन याकोबनेच केले. चांगले केले. इतके चांगले, की त्याच्या एका 'हाय'पाशी मला उपरणे डोळ्यांना लावावे लागले. आणि त्याचाही मला मत्सर वाटला! मग शांताबाईंनी पुन्हा तेच सांगितले, "डोळे मिटा. ज्याला नव्या मनाची गरज आहे, त्याने हात वर करावा."

माझ्याइतकी गरज त्या मांडवात कोणाला होती? मन घट्ट केले आणि हात वर नेला. पाहणारा एकटा देव, मग लाज कसली? तरी खात्री असावी, म्हणून डावा डोळा जरासा किलकिला केला.

सगळा मांडव टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होता!

आणि ध्वनिक्षेपकावरून याकोबचा मायाळू आवाज आला, "पाळकसाहेब, बांबू घट्ट बांधलाय. हात खाली घ्या की आता!"