मागच्या सीटवरची अंबुजाकाकू

अंबुजाकाकूला आमच्या घराने दोनदा गरोदर ठरवलं. दोन्ही वेळा कारण पेट्रोल होतं.

काकू आज सकाळी गेली.

तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर मेसेज येताहेत.

"मूलबाळ नव्हतं, पण मनाने आईच होती."

"दोनदा राहिलं होतं बिचारीला. टिकलं नाही."

टिकलं नाही. इतक्या वर्षांनी तेच वाक्य. वाचून किळस आली.

म्हणून लिहिते आहे. ज्या चुलतभावंडांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांनी कोणाकडून तरी वाचून घ्यावं.

साठच्या दशकाची सुरुवात. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. आजोबा निवृत्त तहसीलदार. त्यांची काळी विलायती गाडी, घेतली तेव्हाच जुनी. घरात तिच्याबद्दल वाईट बोलायची सोय नव्हती.

बसायची पद्धत ठरलेली. पुढे आजोबा आणि माधवकाका, काचा खाली. मागे आजी, काकू आणि लहानगी मी, काचा वर. घरच्या बायका रस्त्यावर दिसू नयेत म्हणून.

सुनेने सासऱ्याच्या शेजारी बसायचं, हे कोणाला सुचलंही नसतं.

पेट्रोलची टाकी डिकीत. म्हणजे आमच्या पाठीमागे.

महिन्यातून एकदा ओरत्तनाडुला जायचो, आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे. निघताना आजोबा पंपावर टाकी काठोकाठ भरून घेत.

शहर सुटायच्या आत वास सुरू व्हायचा. मग डोकं दुखायचं. मग ओकारी.

मी ओकले की आजी म्हणायची, "किती इडल्या गिळल्यास गं?"

काकू ओकली की आजी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. "असू दे गं, असू दे. चांगली लक्षणं आहेत."

"आई, पेट्रोलचा वास येतोय हो."

"येणारच. या दिवसांत सगळ्याचाच वास येतो."

आजी स्वतः तपकीर ओढायची. तिला कशाचाच वास येत नसे.

घरी आलो की काकूला ताकभात आणि खारवलेलं नारत्तंगाईचं, म्हणजे महाळुंगाचं लोणचं. शेजारणींना बातमी.

काही दिवसांनी काकू बाहेर बसायची. आजी शेजारणींना पुन्हा सांगायची, "राहिलं होतं. टिकलं नाही."

काकूने एकदा दाराआडून सांगून पाहिलं. "मामंजी, टाकीतून पेट्रोल झिरपतंय बहुतेक."

आजोबा म्हणाले, "काटा बघ जाऊन. अर्ध्याच्या वर आहे. महिनाभर तिथेच आहे. झिरपत असतं तर उतरला नसता? उगीच गाडीला नावं ठेवू नकोस."

गाडी रोज चालत होती आणि काटा महिनाभर हलला नव्हता. याचं नवल माझ्या आजोबांना वाटलं नाही.

दुसऱ्यांदा 'टिकलं नाही' तेव्हा ठरलं, आता थोरल्या बहिणीला विचारायचं. ती म्हणेल तर काकूला कुंभकोणमला माहेरी पाठवून द्यायचं. कायमचं.

माधवकाकाने मान डोलावली. नवरा होता तिचा.

त्या दिवशी निघायला उशीर झाला. पंपावर थांबलो नाही.

"काटा अर्ध्याच्या वर आहे," आजोबा म्हणाले.

कालव्याच्या कडेने चाललो होतो. काकू एकदम सरळ होऊन बसली.

"मामंजी, पेट्रोल संपत आलंय."

आजोबा हसले. "माधवा, तुझ्या बायकोला मागून काटा दिसतो रे!"

"काटा नाही दिसत. आज मला मळमळत नाही. हिलाही नाही." तिने माझ्याकडे बोट केलं. "टाकी भरलेली असली की मळमळतं."

"पोदुम," आजी म्हणाली. "पुरे झालं. गप्प बस."

थोडं पुढे गेल्यावर गाडीने आचके दिले आणि थांबली.

आजोबांनी झावळीचा एक हीर तोडून टाकीत घातला. कोरडा निघाला.

काटा अजून अर्ध्याच्या वर होता.

एका सायकलवाल्याने डबाभर पेट्रोल आणून दिलं. आम्ही ओरत्तनाडुला न जाता परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी टाकी उघडली. तिच्या माथ्यावर एक गोल झाकण होतं. त्याच्या खाली दांडीला लावलेला तरंगता बूच, त्यावर काटा चालतो. दांडी गंजून अडकली होती. झाकणाखालचं वॉशर वाळून त्याचा चुरा झाला होता. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोल तिथून वर यायचं आणि वाफ मागच्या सीटवर.

आजोबा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "बिचारी."

गाडीला म्हणाले. मी तिथेच उभी होते.

काकूला कोणी काही म्हणालं नाही. माहेरी पाठवायची गोष्टही पुन्हा निघाली नाही. ती काढायची तर पेट्रोलची गोष्ट काढावी लागली असती.

वॉशर नवं आलं. काटा हलू लागला.

'दोनदा राहिलं होतं' मात्र कोणी दुरुस्त केलं नाही. मूल न होण्याला काहीतरी कारण हवं होतं, आणि माधवकाकाकडे बघायची कोणाची तयारी नव्हती.

पुढच्या महिन्यात ओरत्तनाडुला निघालो, तर काकू सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसली होती. आजोबा चावी घेऊन उभे.

"अगं, मागे ये," आजी म्हणाली.

"मला काटा बघायचाय."

आवाज चढलेला नव्हता. आजोबा गाडीत बसले. माधवकाका मुकाट्याने मागे, आमच्यात. शहर सुटायच्या आत गुदमरून त्याने काच खाली केली.

त्या गाडीत ती पुन्हा कधी मागे बसली नाही.

आज शववाहिनीत तिला मागेच ठेवावं लागलं. मी शेजारी बसले. काचा बंद, आत डिझेलचा वास.

पुढे बसलेल्या चुलतभावाला म्हटलं, "काचा खाली कर."

"अक्का, एसी चालू आहे."

"कर."

त्याने केल्या.

काकू, तुला कधी राहिलंच नव्हतं, मग न टिकायला होतं काय? ते पेट्रोल होतं. हे ग्रुपवरही टाकते आहे.

नीट जा.