खराडीची मारामारी

मी खराडीत एका कंपनीत दिवसभर लोकांचे फोन घेते, आणि माझा फोन मात्र तो वकील घेत नव्हता. धाकटा भाऊ तीन आठवडे जेलमध्ये होता. गाडी लावण्यावरून कंपनीच्या दारात दहाजण भांडले, एकाच्या डोक्याला टाके पडले आणि पळता न आलेला आमचा एकटा सापडला. वकील करायची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टाने सरकारी खर्चाने दिला. दिला म्हणजे कागदावर दिला. एकदा चुकून फोन लागला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणाला. मागे कपबशा वाजत होत्या.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, मार्केट यार्डात हमाल. "त्याचं तोंड बघणार नाय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलेलं. दोन तारखा ते आले नाहीत, आणि वकीलही आला नाही. तिसऱ्या तारखेला सकाळी मी बघते तर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे.

"वकिलाला बघायला येतोय," ते म्हणाले. "त्याला नाय."

भावाला जेलमधून आणून कोर्टाच्या खालच्या मजल्यावरच्या कोठडीत बसवलं होतं. जामिनाचा अर्ज आज सुनावणीला होता, आणि वकिलाशिवाय पुन्हा पुढची तारीख पडणार हे मला दिसत होतं. मी अकरा फोन केले.

अण्णा जिन्यापाशी गेले. यार्डात गाडी रिकामी करायची असली की ड्रायव्हरला नावाने कोण ओळखतो? माल आणि गाव पुकारायचं. अण्णांनी तोंडापाशी हात धरले आणि तीस वर्षांच्या सवयीने पुकारा केला.

"खराडीची मारामारीऽऽऽ! वकीलसाहेऽऽब!"

सगळा मजला वळून बघायला लागला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हवालदार आला आणि अण्णांना थेट जज्जसाहेबांपुढे घेऊन गेला. मी मागोमाग.

"काय हो, हे मार्केट यार्ड आहे का?"

अण्णांनी हात जोडले. "नाय साहेब. तिथं हाक मारली की माणूस येतो."

जज्जसाहेबांनी एकदम कागदात मान घातली. खांदे हलताना मी पाहिले. तेवढ्यात वकीलसाहेब धापा टाकत आले, कोटावर खारीचा चुरा. "इथंच होतो, साहेब."

"मग आता इथंच बोला," जज्जसाहेब म्हणाले. "तारीख मिळणार नाही."

बोलला की चांगला! इतका चांगला, की माझा राग दुप्पट झाला. जामीन मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ घरी आला. अण्णा भिंतीकडे तोंड करून जेवत होते. भाऊ त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"अण्णा, हाक खाली कोठडीत ऐकू आली. दोन तारखा तुम्ही नव्हता. मला वाटलं, तुम्ही मला सोडलंत. मग ती हाक आली. म्हटलं, आता जामीन नाही मिळाला तरी चालेल."

अण्णांचा घास हातातच राहिला.

"मी वकिलाला हाक मारली होती," ते म्हणाले. पण इतकं हळू, की शेजारी बसलेल्या भावालाही "काय?" म्हणून विचारावं लागलं.