मारव्याची वेळ

जीवराम फेगडे यांनी गुरूंकडून एकच राग संपूर्ण घेतला होता, मारवा; आणि तो आजवर कुणालाही ऐकवला नव्हता. केळीची बाग मुलाकडे सोपवून ते पिंप्राळ्यात राहायला आले, तेव्हा व्हायोलिन सोबत आणले. भजनी मंडळाने त्यांना साथीला बसवले. तिथे मारवा कुणी मागत नाही.

शेजारचे एलिजा नवगावकर बेने इस्रायली, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या दिवाणखान्यात दर शुक्रवारी ज्यूंची प्रार्थना होई; घरचे त्या खोलीला सिनेगॉगच म्हणत. प्रार्थनेआधी शास्त्रीय वादन व्हावे, असे त्यांच्या मनात आले.

“एकच अट, जीवरामभाऊ. हिने शब्बाथचे, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावले की वाद्य बंद. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत तारेला हात नाही.”

“दिवे केव्हा लागतात?”

“सूर्यास्ताच्या जरा आधी.”

जीवरामांनी मनात हिशेब मांडला. मारवा सूर्यास्ताचा. त्याआधी तो छेडायचा नाही, अशी गुरूंची सक्त ताकीद. आणि चांदण्या दिसेपर्यंत त्याची वेळ टळलेली. एलिजांचा धर्म आणि जीवरामांचे गुरू यांचे एकमेकांशी काही वैर नव्हते, तरी दोघांनी मिळून नेमका मारवाच कापला होता.

“थोडा आधी वाजाडा ना,” जीवरामांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या. माहेर अमळनेरकडचे, नवऱ्याची समजूत त्या अहिराणीतच काढत. “सूर्य काय तुमना गुरुभाऊ शे का?”

शुक्रवारी जीवरामांनी मारव्याच्या आधीच्या वेळेचा राग, मुलतानी, वाजवला. दिवे लागले, व्हायोलिन पेटीत गेले. पण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि जमले होते नऊ; जीवराम परधर्मीय, ते मोजणीत नव्हते. दहावे गृहस्थ शब्बाथला वाहनात बसत नसत, त्यामुळे पायी येत होते. पश्चिमेची खिडकी तांबडी होऊ लागली. जीवराम तिच्याकडेच पाहत होते.

“गळ्याला मनाई नाही बरं का,” एलिजा म्हणाले.

“गळा ऐकूनच गुरूंनी माझ्या हाती व्हायोलिन दिलं.”

“मग कारण आम्हालाही कळू द्या.”

जीवरामांनी डोळे मिटून मारवा लावला. कोमल ऋषभावर आवाज चिरकला, वर जाताना फाटला. ते थांबले नाहीत. मध्येच दहावे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. मारवा संपेपर्यंत कुणी त्यांना मोजले नाही.

“पुढच्या शुक्रवारी मुलतानीच ठेवू,” एलिजा सौम्यपणे म्हणाले.

“ठेवू,” जीवराम म्हणाले. “मारवा झाला.”