साहेबरावांनी न आणलेली गाडी

आमच्या गल्लीत नवी गाडी घेताना रंग नंतर ठरायचा, साहेबराव आधी ठरायचे. गाडी पुण्याची असो की हैदराबादची, शोरूमपासून घरापर्यंत चालवत आणायची ती त्यांनीच. वाटेतल्या मारुतीला थांबायचं, काचेला हार घालायचा आणि गल्लीच्या तोंडाशी लांबलचक हॉर्न द्यायचा, की बायका ओवाळायला बाहेर. मालकाला ते मागच्या सीटवर बसवत. "घरी पोचेस्तोवर गाडी माझी. मग तुमी अन् तुमची गाडी," म्हणत.

मूळचे ते चाकूरकडचे. तरुणपणी त्यांच्याकडे जीप होती. भूकंप झाला त्या सकाळी जीप घेऊन किल्लारीकडे गेले ते कितीतरी दिवस घरी आलेच नाहीत. जखमींना लातूरच्या दवाखान्यात आणायचं आणि परत फिरायचं. त्याबद्दल ते बोलत नाहीत. मला एकदाच म्हणाले होते, "ताई, मागून नातेवाईक यायचे विचारत. आमचा माणूस कुठं उतरवला म्हणून. त्यांना तेवढं तरी सांगता याया पाहिजे न्हाई का."

पुढे लातुरात क्लासेस आले आणि गावोगावच्या आया मुलांना घेऊन खोल्या करून राहू लागल्या. मीही त्यातलीच. यांची नोकरी नांदेडला, अवधूत अकरावीत. गादी, गॅस, पुस्तकांची खोकी, सगळं साहेबरावांच्या जीपमधून आलं. वाटेत अवधूतला उलट्या झाल्या. साहेबरावांनी त्याचं तोंड धुतलं, पाठ चोळली आणि म्हणाले, "डॉक्टर व्हायच्या आधीच पेशंट झालास व्हय रं?"

तो डॉक्टर झाला नाही. त्याच लातुरात आता फिजिक्स शिकवतो. मुलं त्याच्या क्लासला रांगा लावतात. यंदा त्याने हैदराबादला स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोनच माणसांची, बसायचं म्हणजे अंग दुमडून आत घालायचं. घ्यायच्या आधी फोटो त्याने साऱ्या गल्लीला दाखवला होता.

मी स्वभावाने भित्री. तो म्हणाला, "मी स्वतः चालवत आणतो," तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे तेच. उदगीरचा रस्ता, उसाचे ट्रॅक्टर, आणि ही जमिनीला चिकटलेली गाडी.

"साहेबरावांना घेऊन जा," मी म्हटलं.

"आई, काकांचा हात थरथरतो हल्ली. चहा पिताना बघितलं नाहीस का?"

बघितलं होतं. मग त्याच्या मित्राने सुचवलं की गाडी ट्रकवर चढवून मागवा. मला हायसं वाटलं. प्रश्न एवढाच होता की साहेबरावांना कोण सांगणार.

ते स्वतःच आले. खुर्चीवर टेकत म्हणाले, "मग, कधी निघायचं हैदराबादला?"

आमच्याकडे ट्रकवर चढून येते ती अपघातातली गाडी. चांगली गाडी आपल्या चाकांवर येते. तुमच्या हाती देण्यापेक्षा ती मढ्यासारखी लादून आणतोय, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? मी म्हणाले, "अहो, अचानक ठरलं. अवधूत आणि त्याचा मित्र गेलेसुद्धा. उद्या चालवतच आणताहेत."

"बरं झालं. तरणी पोरं हायत," ते म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर शेजारच्या सुमनबाई आल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. माझ्या आमटीखालचा गॅस बंद केला आणि मला हाताला धरून बाहेर आणून बसवलं. पाठोपाठ समोरच्या दोघी आल्या. एकीने टीव्ही बंद केला. एक माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"अहो, झालंय काय?"

"काय न्हाई. बसा जरा. पाणी प्या."

आमच्या भागात वाईट बातमी अशीच येते. आधी माणसं येऊन बसतात. मला वाटलं, नांदेडला यांनाच काहीतरी झालं.

तेवढ्यात साहेबराव दारात दिसले. अंगावर धूळ, ओठ कोरडे. उंबऱ्याच्या आत येईनात.

"ताई, घाबरू नगा. सुमनबाईला मीच फोन केला हुता, तुमच्यापाशी बसा म्हणून. मी एस्टीनं उदगीरला चाललो होतो. नळेगावच्या पुढं बाळाची गाडी दिसली. ट्रकवर घातलेली. वर ताडपत्री, लाल नाक तेवढं भाईर. फोन केला तर त्याचा फोन बंद. उदगीरचे समदे दवाखाने बघितले मी, सरकारी बघितला, खासगी बघितले. कुठंच न्हाई. बिदरला नेलं असंल. मी निघालोच हाय, पण तुमाला न सांगता..."

अवधूत दुपारभर क्लासमध्ये शिकवत होता. फोन बंद करून. ट्रक तोवर रिंग रोडला उभा होता, पाचच्या आत शहरात येता येत नाही म्हणून. हे सगळं मला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तोच गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला. ट्रकवर लाल गाडी, आणि मागे स्कूटरवर पेढ्यांचा पुडा घेतलेला अवधूत.

बायका आधी किंचाळल्या, मग हसत सुटल्या. समोरचे गुरुपादप्पा ओट्यावरूनच ओरडले, "काय हो साहेबराव, जित्या पोराचं सुतक धरायला लावलं की आम्हाला!"

"चष्मा बदला आता, काका!"

"आमटी तरी शिजू द्यायची होती त्यांची!"

साहेबरावांनी अवधूतच्या खांद्याला, दंडाला हात लावून बघितला. डोळे पुसले. मग सगळ्यांना हात जोडून हसत म्हणाले, "चुकलं बाबांनो. म्हातारा झालो."

मला ते सहन झालं नाही. मी पुढे होऊन म्हणाले, "त्यांचं चुकलं नाही. मी खोटं बोलले त्यांच्याशी. गाडी ट्रकवरूनच यायची होती. त्यांचा हात थरथरतो, म्हणून त्यांच्याकडे द्यायची भीती वाटली आम्हाला."

सगळ्यांनी साहेबरावांच्या हातांकडे बघितलं. जोडलेले हात त्यांनी सोडले आणि पाठीमागे नेले.

अवधूतचा चेहरा पडला. किल्ली पुढे करून म्हणाला, "काका, तुम्हीच उतरवा खाली."

"नगं, बाळा. ट्रकवाला हाय की."

ते चपला शोधायला लागले. मी मागोमाग दाराशी गेले. माफी मागायची म्हणून गेले होते. पण आधी साहेबरावच हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलले.

"ताई, ते बोलायला नको होतं. माझं चुकलं म्हणून लोक दोन दिस हसले असते अन् इसरले असते. हात कापतो म्हणल्यावर किल्ली कोण देईल आता?"

मी म्हणाले, "तुमच्यासाठीच बोलले हो."

"हाव," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

तेव्हापासून मी त्या एका होकाराशी भांडते आहे. सगळे झोपले की जास्तच. खोटं बोलले ते माझी अडचण टळावी म्हणून, आणि खरं बोलले तेही माझं मन हलकं व्हावं म्हणूनच. दोन्ही वेळा त्यांना विचारलं नाही. अवधूत म्हणतो, आई, तू फार विचार करतेस. तो रोज गाडी पुसतो, पण गल्लीतून नेताना खाली बघून नेतो.

काल सुमनबाई आल्या होत्या. त्यांच्या जावयाने पुण्याला गाडी बुक केली आहे. ती कोणी आणायची, हे एरवी विचारावंच लागलं नसतं.

"प्रमोदिनीताई, त्या ट्रकवाल्याचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"साहेबरावांना सांगा की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बोलण्यात राग नव्हता.

"तुमीच न्हाई दिली, आमी कशी द्यावी?"

मी फोन उघडला आणि नंबर शोधून त्यांना दिला.