दहा अंश, सकाळपर्यंत

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या इस्पितळात डुकराच्या फुप्फुसांची एक जोडी नासवली. हेतू चांगला होता. माझे सगळे उद्योग चांगल्या हेतूनेच बिघडतात, हे आमच्या घरी सर्वांना पाठ आहे.

मी तिथला कार्यालय अधीक्षक. ऑफिसचा फ्रीज बंद, आणि हातात ऑफिसच्या श्रीखंडासाठी मंडईजवळून आणलेला चक्का. ऑपरेशन थिएटरमागच्या खोलीत एक देखणा फ्रीज दिसला. चक्का आत ठेवला, बाहेरचा आकडा पाहिला, तर दहा. एवढ्या उकाड्यात दहा? बिघडला असणार बिचारा! बटण दाबून मी त्याचे चार केले आणि पुण्य पदरात बांधून घरी गेलो.

सकाळी ऑफिसच्या दारात दीपमाला गजभिये. छाती उघडून शस्त्रक्रिया चालू असताना रक्त फिरवत ठेवणारं यंत्र असतं ना, ते चालवणाऱ्या आमच्या तंत्रज्ञ. उंची पाच फूट, आवाज त्याहून कमी.

"काका, चार कोणी केलं?"

"मीच की! दुरुस्त केला तुमचा फ्रीज."

"घरी केळी फ्रीजमध्ये ठेवता?"

"छे, काळी पडतात."

"मग फुप्फुसांनीच तुमचं काय घोडं मारलंय?"

दान केलेली फुप्फुसं आजवर बर्फात ठेवत. बाईंनी नवं संशोधन वाचलं होतं : बर्फाची थंडी त्यांना बाधते, दहा अंशांवर ती नुसती पेंगतात आणि जास्त तास टिकतात. म्हणून कसायाकडून डुकराची फुप्फुसं आणून त्यांचा सराव चालला होता. आकडा रात्रभर दहावरच राहायला हवा. मी घोळ घातला ती सातवी खेप.

बाई चिडल्या नाहीत. चक्का माझ्या टेबलावर आणून ठेवला, वर चिठ्ठी : 'हा चार अंशांवर ठेवावा.' आणि आठव्या खेपेसाठी कसायाकडे गेल्या.

बाईंचे वडील भंडाऱ्याहून येऊन हडपसरच्या कारखान्यात लेथवर लागलेले. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा घरचा नियम. त्यामुळे बाई सणासुदीलाही कुणाला उगाच 'छान दिसतेस' म्हणत नसत.

श्रावणात हडपसरच्या एका इस्पितळातून फोन आला. रिक्षावाले ज्ञानदेव अपघातानंतर श्वासाच्या यंत्रावर होते. परतण्याची आशा नव्हती. बायको गोदाबाई डॉक्टरांना म्हणाली, "त्यांचं जे कामाला येईल ते घ्या. आयुष्यभर दुसऱ्यांनाच पोचवत आले."

आपल्याकडे बहुतेक अवयवदानं हृदय चालू असताना होतात. मेंदू तेवढा संपलेला असतो. ज्ञानदेवांचा मेंदू पुरता संपलेला नव्हता, म्हणून इथे आधी यंत्र काढायचं, हृदय आपणहून थांबू द्यायचं, आणि मग पाच मिनिटं कुणी बोटही लावायचं नाही. माणूस गेला याची पुरती खात्री पटल्यावरच फुप्फुसांत प्राणवायू भरायचा आणि ती गार करायची. आत हवा असली की रक्त थांबल्यावरही ती थोडी तग धरतात.

इकडे सदाशिव पेठेतली निकिता फुप्फुसांची वाट पाहत होती. सव्वीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. आता नाकात नळी, आणि एक वाक्य बोलायला तीन श्वास.

फुप्फुसं संध्याकाळी पोचली, आणि नेमके आमचे सर्जन डॉ. निंबाळकर अकरा तासांची दुसरी शस्त्रक्रिया करून बाहेर आले.

"आज मी सुरी धरणार नाही. नकार कळवा," ते म्हणाले.

"सर, सकाळी करा," दीपमालाबाई म्हणाल्या.

"सकाळपर्यंत टिकतील?"

"टिकतील."

"तुम्ही डुकरांवर केलंय, बाई!"

"एकवीस वेळा. वीस वेळा टिकली." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हा त्यांचा मोठेपणा. "सगळे आकडे वहीत आहेत. बघा, आणि झोपायला जा."

डॉक्टरांनी उभ्याउभ्या वही चाळली. शेवटच्या पानापर्यंत. मग म्हणाले, "साडेपाचला उठवा मला."

बाईंनी स्टूल ओढून फ्रीजला पाठ लावली. दर अर्ध्या तासाला वहीत आकडा. चहा दारातच घेतला. मी "थोडा वेळ मी बसतो" म्हटलं, तर नुसता हात वर केला. दहा, दहा, नऊ पूर्णांक नऊ, दहा.

दुपारी निकिताच्या छातीत ज्ञानदेवांची फुप्फुसं फुगली. आधी एका कोपऱ्यात गुलाबी, मग सगळी. तिसऱ्या दिवशी नळी काढली, तेव्हा ती एका दमात म्हणाली, "मला शाळेत कधी जाता येईल?"

ते ऐकून मला भरून आलं. भरून आलं की मी बोलतो. तोही आमच्या घरचा जुना त्रास आहे. फुप्फुसं ज्या पेटीतून आली होती, तिच्यापाशी दीपमालाबाई उभ्या होत्या. मी त्यांना गाठलं आणि सद्गदित होऊन म्हणालो, "ताई, एकाचा शेवटचा श्वास संपतो, तिथूनच दुसऱ्याचा पहिला सुरू होतो. केवढं हे गूढ! तुम्हाला काय वाटतं?"

"बाजूला व्हा काका, पेटी धुवायचीय."