फळ्यावरचा प्रश्न

विचार पुसता येत नाही, असे थोर लोक सांगतात. आमच्या नाशिकरोडच्या चौकात मित्रमंडळाचा काळा फळा आहे. त्यावरचा विचार रोज सकाळी ओल्या फडक्याने मीच पुसायचो आणि नवा लिहायचो. सुविचाराखाली निधनवार्ता, त्याखाली पाण्याची सूचना, असा क्रम ठरलेला.

माझा दुसरा उद्योग म्हणजे इंटरनेट बंद झाले की लेखी आदेश मागणे. आदेशाची प्रत हातात नसेल तर कोर्टात दाद कशाविरुद्ध मागायची? प्रत कोणी देत नाही. मी मागणे सोडत नाही. बायको याला नोकरी म्हणते, फक्त रजा नसलेली.

गेल्या वर्षी असेच नेट गेले. अफवा पसरू नयेत म्हणून, असे कळले, तेही अफवेनेच. माझा मामेभाऊ ट्रॅक्टरभर कांदा घेऊन विंचूरला गेला आणि तसाच परत आला. लिलाव बंद असला की निरोप ग्रुपवर येतो, आणि ग्रुपच बंद होता. आदेशाची प्रत मागायला मी कलेक्टर कचेरीत गेलो. "आदेश वेबसाईटवर टाकलाय, बघून घ्या," असे उत्तर मिळाले.

चौकात येऊन मी सुविचार पुसला आणि त्या जागी ठळक लिहिले: 'इंटरनेट बंद करण्याचा लेखी आदेश कुठे वाचायला मिळेल?'

थोड्याच वेळात हवालदार आला.

"काका, हे पुसा."

"पुसतो. पुसायचा आदेश दाखवा."

"अहो, सुविचार लिहा ना. झाडे लावा, आईवडिलांची सेवा करा. कोण अडवतंय?"

"मग हे कोण अडवतंय?"

त्याने साहेबांना फोन लावला. साहेबांनी फोटो मागितला असावा. "कसा पाठवू साहेब? नेट बंद आहे ना. वाचून दाखवतो." साहेबांना नीट ऐकू जाईना, म्हणून त्याने माझा प्रश्न ओरडून वाचला. मग पुन्हा, आणखी मोठ्याने. इस्त्रीवाला बाहेर आला, गिरणीत दळणाला आलेल्या बायका आल्या. इतक्या दमदार आवाजात माझी मागणी मीही कधी मांडली नव्हती.

"विचारा की साहेबांना," एक बाई म्हणाल्या. "आमच्या पोरीचा ऑनलाइन क्लास बुडतोय."

हवालदाराने फोन खिशात टाकला आणि फडके उचलले. मी फळ्यापुढे उभा राहिलो.

"पुसलंत तर उद्या परत लिहीन. खडूंचा डबा भरलेला आहे."

त्या बाई पिठाचा डबा कमरेवर घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हवालदाराने आमच्याकडे पाहिले, खडूंच्या डब्याकडे पाहिले.

"लय हट्टी आहात काका," तो म्हणाला. फडके ठेवून गेला.

पुढे नेट सुरू झाले. आदेश आला नाही. प्रश्न अजून फळ्यावर आहे. रोज सकाळी मी त्याची अक्षरे गिरवतो. सुविचार बंद झाल्याची तक्रार अद्याप कोणी केलेली नाही. लोक मात्र आवर्जून थांबतात आणि फळ्याचा फोटो काढतात. खाली शनिवारी पाणी येणार नाही, असे लिहिलेले असते.