उजवीकडे घातलेली फ्लॉपी

वाडीतल्या ताई नसत्या तर काकांचं लिखाण माझ्या हातून पुसलं गेलं असतं, हे आधीच सांगून टाकते. ताई पुण्याजवळच्या भुकूमच्याच. पुण्यात एका कचेरीत कॉम्प्युटरवर काम करायच्या आणि सुट्टीला आईबरोबर शेतात.

आम्ही नवरा-बायको परभणीकडचे. सातवीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. भुकूमला काकांच्या बंगल्यावर नवरा राखणीला आणि स्वयंपाक माझ्याकडे. काका एकटे. काकी गेल्यापासून त्यांच्या आठवणी कॉम्प्युटरवर लिहीत बसायचे. तेव्हा घरात कॉम्प्युटर म्हणजे नवल. माणसं तो बघायला म्हणून चहाला यायची. सगळं लिखाण एका काळ्या, पातळ फ्लॉपीवर होतं. तिच्यातच जमिनीची कागदपत्रं, तिच्यातच मुलीला धाडलेली पत्रं. नुसती सरमिसळ.

त्या पावसाळ्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला निघाले. जाताना काम सांगून गेले, की या फ्लॉपीच्या दोन नकला कर, मग एकीतून जमिनीचं काढून टाक, दुसरीतून घरचं. इंग्रजी अक्षरं मला जुळवता यायची, एवढ्यावर त्यांनी विश्वास टाकला. नवरा म्हणाला, काही बिघडलं तर आपलं गाठोडं बांधून तयार ठेव. चेष्टाच होती ती, पण परक्या मुलखात दुसरं छप्पर कुठून आणायचं? आणि काकींच्या आठवणींची दुसरी प्रत नव्हतीच.

मशीनला शेजारी शेजारी दोन फटी होत्या, एक ए आणि एक बी. ए मधलं बी मध्ये उतरवायचं, एवढं पाठ होतं. पण ए कुठली ते ऐन वेळी आठवेना. मग मी आपल्या रीतीनं विचार केला. आमच्याकडे कुणाला काही द्यायचं तर उजव्या हातानं. डाव्या हातानं हळदीकुंकूसुद्धा पुढे करत नाहीत. म्हणजे देणारी ती उजवी. भरलेली फ्लॉपी उजवीकडे घातली, कोरी डावीकडे, आणि हुकूम दिला.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि मशीन थांबलं. मला वाटलं, गेलं सगळं. तशीच पावसात खाचराकडे पळाले.

ताई भातलावणीत होत्या, गुडघाभर चिखलात. हातातली रोपांची मूठ बांधावर ठेवून निघाल्या. त्यांच्या आईनं मागून ऐकवलंच, कचेरीवाल्या बाईला आता चिखल नको झालाय. ताई वळून म्हणाल्या, "आये, वहिनीचा जीव टांगलाय. येते मी."

नळावर हात धुऊन त्यांनी पडदा पाहिला, फ्लॉपी काढून पाहिली. "वहिनी, काय बी गेलं न्हाई. मशीननं लिवायलाच नकार दिलाय."

फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर पट्टी चिकटवली की मशीन त्या फ्लॉपीवर काही लिहीत नाही. मागच्या रविवारी काकांकडे आल्या होत्या तेव्हा ताईंनीच ती पट्टी लावली होती, कुणी न सांगता. नाहीतर कोऱ्या फ्लॉपीचं कोरेपण काकींच्या आठवणींवर उतरलं असतं.

उजवीकडे का घातली ते सांगितल्यावर त्या खुर्चीला धरून हसल्या. "मशीनला कुटं ठाव आपली रीत? हितं देणारा डावीकडं बसतोय."

मग मी खुर्चीवर आणि त्या मागे उभ्या. स्वतः एक बटण दाबलं नाही. "तुमीच करा, मी हाय," एवढंच. नकला झाल्या, घरचं एकीत राहिलं, जमिनीचं दुसरीत. तोवर दुपार कलली होती आणि ताईंच्या वाटणीचं खाचर तसंच अर्धं पडलं होतं.

काका डोळ्याची पट्टी सुटल्यावर घरी आले आणि काकींची फ्लॉपी लावून बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, नीट झालंय. मी म्हटलं, ताईंमुळे.

आम्ही तिथेच राहिलो. ताईंनी त्यानंतर कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही. त्यांचं त्या दिवशीचं राहिलेलं काम मला भरून देता आलं नाही, कारण भाताची लावणी मला येतच नव्हती. आता शिकते आहे. एक ना एक दिवस त्यांच्या खाचरात उतरून त्यांच्या वाटणीचं लावून देईन, आणि त्यांना बांधावर बसवून ठेवीन.